वाचणाऱ्या लेकीच्या वडिलांस

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले आणि वाचून मनापासून आनंद झाला. जोडाक्षर आले की अडणारी, ओळीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मागे जाणारी तुझी मुलगी आता हातातले पुस्तक खाली ठेवायला तयार नसते, हे तू ज्या अभिमानाने लिहिले आहेस, तो अभिमान सर्वथा योग्य आहे आणि त्याचा संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. तू मला दोन गोष्टी विचारल्या आहेस. वाचून संपवलेल्या प्रत्येक पुस्तकामागे तिला काही बक्षीस ठरवून द्यावे का, आणि मुलगी एवढी मेहनती आहे तर तिला आता वयाच्या पुढची, अवघड पुस्तके वाचायला लावावीत का. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु नुसत्या नकाराचा तुला उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझे म्हणणे एवढेच आहे, की तुझा अभिमान तिच्या कष्टांवर असू दे आणि तिचे वाचन त्या अभिमानाच्या भारापासून मोकळे राहू दे.

तिने नेमके काय साधले आहे, ते आधी समजून घे, कारण सहज वाचू लागलेल्या माणसांना त्याची कल्पना नसते. बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते. वाचन तसे येत नाही. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे आणि सर्वसामान्य माणसे मोठ्या संख्येने वाचू लागली ती तर अगदी अलीकडे, तेव्हा वाचनासाठी मेंदूत जन्मतःच काही सोय तयार असणे शक्यच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला असलेला, एरवी डोळ्यांना दिसलेल्या वस्तू ओळखण्याच्या कामी येणारा एक लहानसा भाग मूल वाचायला शिकू लागते तेव्हा हळूहळू अक्षरे ओळखण्याच्या कामाला जुंपला जातो. स्तानिस्लास देआन या फ्रेंच संशोधकाने या भागाचा बारकाईने अभ्यास केला आहे. हे सगळे घडते ते केवळ सरावाने. मुरलेल्या वाचकाची नजरही ओळीवरून सलग सरकत नाही; ती थांबत थांबत, लहान उड्या घेत जाते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद रेंगाळते. नवशिक्या मुलाचे थांबे जास्त असतात, लांब असतात आणि मागे वळणेही वारंवार घडते. त्यात आपल्या लिपीच्या खोडी आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात मात्र ती नंतर येते. ‘कर्म’ या शब्दातला रफार बसतो ‘म’च्या डोक्यावर आणि म्हणायचा असतो ‘म’च्या आधी. ‘प्र’, ‘ट्र’, ‘र्म’, ‘ऱ्य’ ही सगळी रूपे एकाच ‘र’ची आहेत, हे मोठ्यांच्या लक्षातही राहिलेले नसते. तुझ्या मुलीने ही सगळी गुंतागुंत एकेक करून, न कंटाळता सोडवली. शाळेच्या गुणपत्रिकेत या कामाला वेगळा रकाना नसतो, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

वाचायला शिकताना आणखी एक अडचण असते. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी मांडले, की वाचून समजणे हे अक्षरांचे शब्द ओळखता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे या दोहोंच्या गुणाकारासारखे आहे. यांतले एक शून्य झाले की सगळेच शून्य. शब्द जुळवण्यातच ज्या मुलाची सारी शक्ती खर्ची पडते, त्याच्याजवळ अर्थासाठी काही उरत नाही, आणि अर्थ हाती न लागल्यामुळे वाचनात गोडी वाटत नाही. तुझी मुलगी बराच काळ याच टप्प्यावर होती. कष्ट करायचे आणि मोबदल्यात रस मिळायचा नाही, अशा काळात ती टिकून राहिली, हे मला तिच्या आजच्या वाचनापेक्षाही मोठे वाटते. आता शब्द आपसूक उलगडू लागल्यामुळे गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचते आहे. त्याच वर्षी कीथ स्टॅनोविच यांनी दाखवून दिले होते, की जो जास्त वाचतो त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढले की वाचन सोपे होते आणि सोपे झाले की तो आणखी वाचतो; मागे पडणाऱ्याच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडत जाते. तुझी मुलगी आता या चक्राच्या अनुकूल बाजूला आली आहे. ते चक्र फिरत राहते ते मुलाला स्वतःहून वाचावेसे वाटते म्हणून, आणि बक्षिसाबद्दलची माझी हरकत इथूनच सुरू होते.

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडत होते, अशीच मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर, न सांगता, तेच प्रशस्तिपत्र दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नव्हती. जे आवडीने चालले होते, त्याला ठरवून किंमत लावली आणि त्या मुलांच्या दृष्टीने ते कुणासाठी तरी करायचे काम झाले. मी वर्गात वाचन शिकवत असताना हेच माझ्या डोळ्यांसमोर घडत असे. पुस्तकांच्या संख्येवर बक्षीस ठेवले, की मुले पातळ पुस्तके शोधतात, मोठ्या टाइपाची शोधतात, शेवटची पाने चाळतात आणि आवडलेले पुस्तक दुसऱ्यांदा वाचायचे सोडून देतात, कारण दुसऱ्या वाचनाला गुण नसतात. मुलांचा त्यात दोष नाही. मोठ्यांनी जे मोजले, ते त्यांनी वाढवले. तुला तिला काही द्यावेसे वाटले तर अवश्य दे, एखादे पुस्तक दे, एखाद्या रविवारी तिला मनसोक्त ग्रंथालयात घेऊन जा. फक्त आधी बोली करू नकोस आणि संख्येशी त्याचा संबंध जोडू नकोस.

पाहुण्यांपुढे तिने यंदा किती पुस्तके वाचली ते सांगणे, तिला एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवायला लावणे, तिच्या पुस्तकांच्या चवडीचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवणे, हे सगळे अभिमानातूनच होते आणि तुझ्याकडूनही थोडेफार झाले असेलच. मी तुला दोष देत नाही. तरीही हे थांबव, कारण ज्या मुलीला एके काळी सगळ्यांसमोर वाचताना अडखळायला होत असे, तिच्यासाठी वाचन ही आता कुठे एकान्तातली, निर्धास्त गोष्ट झाली आहे.

आता अवघड पुस्तकांविषयी. मेहनती मुलांच्या पालकांना नेहमी असे वाटते, की जे सोपे आहे ते वाचण्यात तिचा वेळ वाया जातो. हा समज मला घातक वाटतो. सोपे, ओळखीचे, पुन्हा पुन्हा वाचलेले पुस्तक हीच वेग आणि सहजता येण्याची जागा आहे. शिवाय पुस्तक सोपे आहे की अवघड, हे त्यातील शब्दांवर जितके अवलंबून असते तितकेच ते वाचणाऱ्याला त्या विषयाचे काय काय ठाऊक आहे यावरही अवलंबून असते. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ चांगला जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा तो मजकूर अधिक चांगला समजून घेऊ शकली. म्हणून तुझ्या मुलीला सध्या समुद्रातल्या प्राण्यांचे वेड लागले असेल, तर तिला त्याच विषयावरची पुस्तके एकामागून एक वाचू दे. त्या एका विषयात ती तुझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ अवघड मजकूर आपणहून पेलेल. आणि एखादे पुस्तक तिने अर्ध्यावर सोडले, तर ते पुरे करण्याचा आग्रह धरू नकोस. मेहनती मुले कंटाळवाणे पुस्तकही कर्तव्य म्हणून शेवटपर्यंत ओढत नेतात आणि त्यात वाचनावरच रुसतात.

तिच्या वयाच्या पुढची पुस्तके तिच्यापर्यंत पोहोचायला हवीत असे तुला वाटते ना, तर ती तू तिला मोठ्याने वाचून दाखव. मूल स्वतः वाचू लागले की बहुतेक घरांत वाचून दाखवणे बंद होते, याचे मला फार वाईट वाटते. वाचून समजण्याच्या कितीतरी पुढे मुलांची ऐकून समजण्याची शक्ती असते, आणि हे अंतर माध्यमिक शाळेच्या वयापर्यंत टिकते. मुलांच्या पुस्तकांतसुद्धा जे कमी वापरातले शब्द येतात, तेवढे सुशिक्षित माणसांच्या रोजच्या गप्पांतही येत नाहीत. रात्री एक प्रकरण वाचलेस तरी पुरे. वाचताना शब्दार्थ विचारत बसू नकोस.

ज्याविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, ते तुझ्या अभिमानाविषयीच. तो तिला कळलाच पाहिजे, पण कोणत्या शब्दांत कळतो, हे महत्त्वाचे आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली आणि मग काहींचे ‘हुशार आहेस’ म्हणून, तर काहींचे ‘मेहनत घेतलीस’ म्हणून कौतुक केले. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली. या विचारावर आधारलेल्या शालेय उपक्रमांचे परिणाम पुढे मोठ्या आढाव्यांत अपेक्षेपेक्षा बरेच लहान आढळले, तेव्हा एक शब्द बदलल्याने मूल बदलते असे समजू नकोस. माझा अनुभव मात्र असा आहे, की कौतुक जितके नेमके असते, तितके मुलाला ते खरे वाटते. ‘शाबास’ हा शब्द मुले फारशी ऐकत नाहीत. ‘काल त्या लांब परिच्छेदाशी तू तीनदा अडलीस, तरी पुन्हा सुरुवातीपासून वाचलास’ हे वाक्य त्यांच्या लक्षात राहते, कारण कुणीतरी खरोखर पाहत होते हे त्यातून कळते. तू मला लिहिलेल्या पत्रात तिच्या चिकाटीचे असेच वर्णन आहे. ते माझ्यापर्यंत आले. तिच्यापर्यंत गेले आहे का? गेले नसेल, तर तो मजकूर तिला वाचायला दे. आता तो तिला स्वतःला वाचता येईल.

याच्याच जोडीला एक काळजीची गोष्ट सांगते. कष्टाळू मुले लौकर ओळखतात, की आईवडिलांचा चेहरा आपल्या कष्टांनी उजळतो; मग ती दमल्याचे सांगत नाहीत, न कळलेले विचारत नाहीत आणि हौसेच्या गोष्टीही परीक्षेसारख्या करू लागतात. अशी शहाणी मुले वर्गात कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तुझ्या मुलीला असे दिवस मिळायला हवेत, ज्या दिवशी तिने काहीही केले नाही आणि तरी तू तिच्याजवळ तितक्याच आनंदाने बसलास. झोपेची वेळही सांभाळ. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तासांची झोप लागते, आणि पांघरुणात पुस्तक घेऊन जागणारे मूल कौतुकास्पद वाटले तरी ते अपुरी झोप घेणारे मूल असते. दिवसा उजेडी मोकळ्या हवेत खेळू दे. डोळ्यांचा नंबर लागण्याचा धोका त्याने कमी होतो.

आणखी काही वर्षांनी, बारातेराव्या वर्षाच्या आसपास, तिचे वाचन कदाचित ओसरेल. पुष्कळ मुलांचे ओसरते. मैत्रिणी, अभ्यास आणि हातातला फोन यांत वेळ जातो. त्या वेळी ‘आधी किती वाचायचीस’ असे म्हणू नकोस आणि हिशेबही मागू नकोस. घरात पुस्तके दिसतील अशी असू देत, ग्रंथालयाची वर्गणी चालू ठेव, आणि तू स्वतः काय वाचतो आहेस ते तिला जेवताना सांगत जा. तुझे स्वतःचे वाचन गेल्या काही वर्षांत मागे पडले आहे, असे तूच लिहितोस. तेव्हा हे आजपासूनच सुरू करायला हरकत नाही. ती शेजारी बसून आपले पुस्तक वाचत असेल, तेव्हा तूही आपले पुस्तक उघड. तिने काही दाखवायला आणले तर पाहा, आणि नाही आणले तर विचारू नकोस.

पुढच्या पत्रात ती सध्या कोणत्या गोष्टीत रमली आहे ते अवश्य कळव. तिला माझे अनेक आशीर्वाद सांग.

तुझी,
बाई