उन्हाळ्यात मेझेचं ताट: पाणी कुठून सुटतं आणि ते कसं अडवायचं

प्रश्नाचा सारांश असा: आठ पाहुणे, उकाड्यातली संध्याकाळ, बसणं बाहेर, आणि भूमध्यसागरी पद्धतीचं ताट, म्हणजे मेझे, हेच जेवण. मागच्या वेळी तासाभरात काकडीखाली पाणी साचलं, पिटा (चपटा पाव) चामड्यासारखा झाला, हम्मसवर (काबुली चण्यांच्या वाटणावर) सुकून पापुद्रा आला. एक पाहुणी दूध-दुभतं खात नाही. आधी काय करून ठेवायचं आणि ऐन वेळी काय?

तिन्ही तक्रारी खरं तर एकच आहेत. काकडीतलं पाणी बाहेर आलं, पिटातलं उडून गेलं, हम्मसच्या वरच्या थरातलंही उडालं. चव तुम्हाला जमलेली दिसते. आता पाण्याचा बंदोबस्त करायचा आहे.

आधी प्रमाण, कारण बहुतेकांचं ताट इथेच फसतं. सात-आठ प्रकारचे डिप (पिटा बुडवून खायचे दाट पदार्थ) मांडू नका. आठ जणांना तीन पुरतात: साधारण 750 ग्रॅम हम्मस, 400 ग्रॅम लबने (दह्याचा खारट चक्का), 450 ग्रॅम भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल. म्हणजे माणशी 200 ग्रॅम, जेवण म्हणून भरपूर. (नुसती सुरुवात म्हणून ताट ठेवायचं असेल तर याच्या निम्म्याहून कमी.) त्यासोबत सव्वा किलो कच्च्या भाज्या, 350 ग्रॅम चीज, पाव किलो ऑलिव्ह, 12 ते 14 पिटा, 16-20 डोलमा (सारण भरून केलेल्या पानांच्या गुंडाळ्या) आणि एक कोशिंबिरीसारखा प्रकार, शक्यतो तबुले (पार्स्ली या कोथिंबिरीसारख्या पाल्याचा). मेझे हा शब्द फारसीतल्या चव या अर्थाच्या शब्दावरून तुर्कीत गेला, आणि आपला ‘मजा’ त्याच घरचा. थोडं थोडं चाखत, बोलत, वेळ घेऊन खायचं हे जेवण आहे. म्हणूनच ताट दोन तास टिकेल असं मांडावं लागतं.

हम्मस. 200 ग्रॅम काबुली चणे 12 तास भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून शिजवा. सोड्याने चण्याचं साल आणि गर लवकर विरघळतो. जास्त घातलात तर साबणासारखी चव येते. साध्या पातेल्यात 40 मिनिटं ते तासभर लागतो. चणा दोन बोटांत विरोध न करता चिरडला पाहिजे. नुसता ‘शिजलेला’ चणा हम्मससाठी कच्चाच. चणे फार जुने असतील तर कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत, तिथे दोष तुमचा नाही.

लसणाच्या दोन पाकळ्या किसून 60 मिलि लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा. लसूण चिरडल्यावर ज्या एन्झाइममुळे उग्रपणा तयार होतो ते आंबटात थंडावतं. थेट घातलेला लसूण दुसऱ्या दिवशी सगळ्यावर चढून बसतो. मग हा रस, 150 ग्रॅम ताहिनी (तिळाचं वाटण) आणि चमचाभर मीठ आधी मिक्सरमध्ये फिरवा. ताहिनी लगेच आळून गोळा होईल. इथे लोक घाबरून आणखी ताहिनी घालतात, ते करू नका. थोडं पाणी मिळालं की तिळाचे कण एकमेकांना चिकटतात, पुरेसं मिळालं की सुटे होतात. बर्फाचं पाणी चमचा-चमचा घालत गेलात की मिश्रण पांढरं, सैल होतं. मग गरम चणे घालून चार-पाच मिनिटं वाटा. एकूण पाणी 80 ते 100 मिलि लागेल. मिक्सर बंद करताना हम्मस जरा पातळच वाटलं पाहिजे, कारण गार झाल्यावर ते बरंच आळतं. ‘आत्ताच छान दाट झालंय’ म्हणून थांबलात तर वाढताना सिमेंट मिळेल. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालू नका. जोरात फिरवल्यावर चांगल्या तेलाला कडवटपणा येऊ शकतो. ते वरून घालायचं.

पापुद्र्यावर उपाय सोपा आहे. डब्यात भरताना प्लास्टिकचा कागद हम्मसला चिकटेल असा दाबून लावा, झाकणाखाली हवा ठेवू नका. वाढायच्या आधी चमचाभर गार पाणी घालून फेटा, बशीत पसरून चमच्याच्या पाठीने गोल खळगा करा आणि तेल त्या खळग्यापुरतं न ठेवता कडेपर्यंत पसरवा. जिथे तेल आहे तिथे हम्मस सुकत नाही.

लबने म्हणजे मीठ घातलेल्या दह्याचा चक्काच. एक किलो सायीच्या दह्यात पाऊण ते एक चमचा मीठ, मलमलीत बांधून 18 ते 24 तास, आणि हे फ्रिजमध्ये. उकाड्यात बाहेर टांगलंत तर पाणी गळण्याआधी आंबटपणा पळत सुटतो. 400 ते 450 ग्रॅम निघतं.

मुतब्बलसाठी दोन मोठी वांगी (मिळून किलोभर) अख्खी थेट आचेवर 15 ते 20 मिनिटं, पार खाली बसेपर्यंत भाजा. अर्धवट भाजलेलं वांगं कडवट आणि रबरी लागतं. गर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. ही पायरी गाळली की तासाभरात वाटीच्या कडेने तपकिरी पाणी दिसू लागतं. मग सुरीनेच चिरा. मिक्सरमध्ये बिया वाटल्या जाऊन चिकट लगदा होतो. 60 ग्रॅम ताहिनी, दोन मोठे चमचे लिंबू, एक पाकळी लसूण, मीठ. काही ठिकाणी यात दही घालतात, तुम्ही घालू नका, म्हणजे दूध न खाणाऱ्या पाहुणीला तीनपैकी दोन डिप मोकळे राहतात. बाबा गनूश आणि मुतब्बल ही नावं गावोगावी अदलाबदलीने वापरली जातात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता काकडी, कारण तुमचा मूळ त्रास तिचाच. काकडी कापून नुसती ठेवली तर एवढं पाणी सोडत नाही. पाणी मीठ ओढतं, आणि ताटात मीठ तीन ठिकाणांहून येतं: तुम्ही वरून भुरभुरलेलं, ऑलिव्हच्या खारातलं आणि चीजच्या खारातलं. म्हणजे फेटा (डोक्यावरचा नव्हे, ग्रीसचा) आणि ऑलिव्ह काकडीला टेकवून मांडले की काकडीला मीठ लावून ठेवल्यासारखंच आहे. म्हणून ऑलिव्ह नेहमी वाटीत, चीज वेगळ्या बशीत, काकडी कोरडी आणि अळणी. मीठ आणि सुमाक (आंबट लाल मसाला) मिसळून छोट्या वाटीत द्या, ज्याला हवं तो बुडवून घेईल. काकडीचे लांब तुकडे करून मधला बियांचा पाणचट भाग चमच्याने काढून टाका. काकडी, मुळा, गाजर कापून 20 मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवलं की पेशी पाणी पिऊन ताठ होतात आणि दाताखाली करकर वाजतात. मात्र त्यानंतर कपड्यावर अगदी कोरडं पुसायचं. हे आळसाने टाळलं तर सगळी मेहनत ताटाच्या तळाशी जमा होते.

टोमॅटो शक्यतो छोटे, अख्खे. मोठे असतील तर शेवटच्या पंधरा मिनिटांत कापा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या टोमॅटोचा वास मरतो, त्याला बाहेरच राहू द्या. लेट्युसची छोटी, पन्हाळीसारखी पानं आवर्जून ठेवा. डिप उचलायला ती पिटाइतकीच कामाची, आणि गरमीत लोक भाकरीपेक्षा पानंच जास्त संपवतात.

तबुलेत पाण्याचाच फायदा करून घेता येतो. 100 ग्रॅम पार्स्लीची पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, ओली चिरली तर चिखल होतो. सुरी धारदार हवी, पानं एकदाच कापायची, पुन्हा पुन्हा टोचायची नाहीत. मूठभर पुदिना, दोन पातीचे कांदे. 40 ग्रॅम बारीक बल्गर (भरडलेला गहू) वेगळ्या पाण्यात भिजवू नका. 250 ग्रॅम टोमॅटो बारीक चिरून त्यांचा सुटलेला रस आणि 50 मिलि लिंबाचा रस त्यावर घाला, अर्ध्या तासात बल्गर तेवढ्यावर फुलतो आणि ताटात सुटणारं पाणी आधीच पिऊन बसतो. पानं आणि 60 मिलि ऑलिव्ह तेल अगदी शेवटी. तबुले हिरवं दिसलं पाहिजे. गव्हाचे दाणे जास्त दिसत असतील तर प्रमाण उलटं झालंय. आणि बल्गरच्या जागी कच्चा दलिया चालत नाही. बल्गर आधी उकडून वाळवलेला असतो, दलिया नसतो, त्यामुळे भिजवूनही दातात कचकचतो.

चीजमध्ये फेटा खारातच ठेवा, वीस मिनिटं आधी काढा आणि अख्खी वडी मांडा. कुस्करून सगळीकडे भुरभुरण्याची सवय फोटोसाठी ठीक, इथे दोन कारणांनी वाईट: चुरा लवकर सुकतो, आणि दूध न खाणाऱ्या माणसाला ताटातलं काहीच उरत नाही. युरोपीय नियमांत 2002 पासून फेटा हे नाव ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या मेंढीच्या दुधाच्या चीजपुरतं राखीव आहे, त्यात 30 टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध चालतं. गाईच्या दुधाचं ‘फेटासारखं’ चीज वाईट नसतं, पण ते बहुधा जास्त कोरडं आणि एकसुरी खारट लागतं. सायप्रसचं हलुमी आणणार असाल तर ते ताटावर मांडून ठेवू नका. त्याचा दही-गोळा निवळीत उकळलेला असतो म्हणून ते तव्यावर वितळत नाही, छान तांबूस होतं, पण पाच-सात मिनिटांत गार होऊन खोडरबर बनतं. पाहुणे बसल्यावर भाजा आणि हातोहात फिरवा.

ऑलिव्हचा खार धुऊन संत्र्याची किसलेली साल, ओरेगानो आणि दोन चमचे तेलात तासभर मुरवा. फ्रिजमध्ये तेल गोठून पांढरट दिसतं. ते खराब नाही, अर्धा तास बाहेर ठेवलं की निवळतं. बियांसाठी रिकामी वाटी हवीच, नाहीतर बिया हम्मसच्या कडेला सापडतात. ताजा लसूण घातलेलं तेल मात्र दिवसचे दिवस बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात. त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा.

पिटा फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर चामडं होण्याची सुरुवात तिथेच झाली. पावातला स्टार्च थंडीत सर्वांत लवकर कडक होतो. एक तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये. बसताना सगळे एकदम गरम करू नका. तीन-तीन काढायचे, थोडं पाणी शिंपडून गरम करायचे, जाड कापडात गुंडाळून द्यायचे, संपले की पुढचे तीन. शिवाय दोन-तीन पिटांचे त्रिकोण करून तेल लावून 180 अंशांवर 8 ते 10 मिनिटं कुरकुरीत करा. ते आदल्या दिवशी करून घट्ट डब्यात ठेवता येतात आणि हवेवर बिघडायला वेळ घेतात.

मांडताना एक अवाढव्य ताट नको, दोन मध्यम करा. आठ जणांत एकाचा हात दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही. आधी वाट्या ठेवा, मग भाज्या, शेवटी पाला. एका टोकाला हम्मस, मुतब्बल, डोलमा, तबुले, दुसऱ्या टोकाला लबने आणि चीज, प्रत्येकात स्वतःचा चमचा. डोलमा तेलातलाच, भाताचा, गार खायचा घ्या. मांसाचा डोलमा गरम खाण्याचा, तो इथे बसत नाही. कलिंगड ठेवायचं असेल तर फेट्यापासून लांब, नाहीतर काकडीचीच गोष्ट पुन्हा. अंजिरं असतील तर ती सर्वांत शेवटी चिरा.

वेळेचा नियम कडक पाळा. फ्रिजमधले पदार्थ बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. यात हम्मस, लबने, मुतब्बल, चीज आणि डोलम्यातला भात सगळं आलं. म्हणून प्रत्येक डिपच्या दोन-दोन वाट्या भरा: एक बाहेर, एक आत. वाट्या उथळ आणि आधीच गार केलेल्या असाव्यात, खाली बर्फाचा थाळा असेल तर फारच छान. अर्धी झालेली वाटी वरून भरायची नाही, उचलून दुसरी ठेवायची.

दोन दिवस आधी रात्री चणे भिजवा आणि दही बांधा. आदल्या दिवशी हम्मस, मुतब्बल, पिटाचे त्रिकोण. त्या दिवशी सकाळी पार्स्ली-पुदिना धुऊन कपड्यात गुंडाळा, भाज्या धुऊन ठेवा, पण कापू नका. तासभर आधी ऑलिव्ह मुरवा, बल्गर टोमॅटोत घाला. अर्धा तास आधी काकडी-मुळा बर्फाच्या पाण्यात. शेवटच्या वीस मिनिटांत चीज, टोमॅटो, तबुलेत पानं आणि मांडणी. पाहुणे बसले की पिटा आणि हलुमी.

टेबलावर जाऊन आलेल्या वाटीतलं उरलेलं डिप फ्रिजमधल्या मूळ डब्यात परत ओतू नका. त्यात आठ जणांचे पिटा बुडून गेलेले असतात.