वाचकांचे प्रश्न : बोनस मिळण्यासाठी आधी पैसे भरायचे का?

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. 2014 साली घेतलेल्या त्यांच्या आयुर्विमा पॉलिसीचे हप्ते चार वर्षे भरून पुढे बंद पडले. गेल्या आठवड्यात त्यांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण विमा नियामक प्राधिकरणातून बोलत असल्याचे सांगितले, पॉलिसी क्रमांक अचूक वाचून दाखवला आणि साडेतीन लाखांचा बोनस अडकला आहे, तो सोडवण्यासाठी जीएसटी व फाइल शुल्क म्हणून 28 हजार रुपये भरावे लागतील, असे सांगितले. वडिलांनी पैसे भरले. आता आणखी 45 हजारांची मागणी होत आहे. तक्रार कोठे करावी? (एक वाचक, कराड)

उत्तर : दुसरी रक्कम मुळीच भरू नये. पहिल्या रकमेच्या आशेने दुसरी आणि दुसरीच्या आशेने तिसरी उकळणे, हीच या फसवणुकीची रीत आहे. विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय, पॉलिसी विकत नाही, हप्त्याची रक्कम गुंतवत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही. बोनस जाहीर करते ती विमा कंपनी, आणि तो मिळवण्यासाठी पॉलिसीधारकाने आधी काही भरण्याची तरतूद कोठेही नाही. जीएसटीचे निमित्त तर आता अगदीच पोकळ आहे, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरसुद्धा हा कर लागत नाही. पॉलिसी क्रमांक अचूक सांगितल्यामुळे वडिलांचा विश्वास बसला असणार, परंतु ग्राहकांच्या याद्या बाहेर फुटतात, त्यामुळे ती माहिती जवळ असणे हा ओळखीचा पुरावा ठरत नाही.

प्रथम 1930 या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर आजच्या आज फोन करावा व आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम ज्या खात्यांतून पुढे फिरवली जाते त्यांपैकी एखाद्यात ती अजून शिल्लक असेल तर गोठवता येते. मात्र आठवडा उलटलेला असल्याने ती शक्यता कमी झाली आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, त्यामुळे फोन दिल्लीहून आला होता या कारणावरून आपल्याला परत पाठवता येणार नाही. फोन क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि संदेश पुसून टाकू नयेत.

आता एक गोष्ट बारकाईने तपासावी, कारण पुढचा मार्ग तीवर अवलंबून आहे : पैसे नेमके कोणाच्या खात्यात गेले? ते एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या खात्यात गेले असतील तर प्रकरण पोलिसांचे आहे. परंतु पुष्कळदा असे घडते की रक्कम खऱ्याच विमा कंपनीकडे जाते आणि काही दिवसांनी वडिलांच्या नावाची एक नवी कोरी पॉलिसी टपालाने घरी येते. बोनसची कथा ही केवळ विक्रीसाठी रचलेली असते. तसे झाले असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क आहे. कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम परत करते. मुदत टळली असली तरी खोटे सांगून विक्री केल्याची तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. तेथे दाद न लागल्यास प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाविषयक तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

जुन्या पॉलिसीचेही विसरू नये. ती निव्वळ मुदत विम्याची (म्हणजे फक्त मृत्यू झाल्यासच पैसे देणारी) नसेल, तर चार वर्षांच्या हप्त्यांमुळे तिला काही मूल्य प्राप्त झालेले असू शकते. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन ते लेखी मागावे. फोनवर ज्या रकमेचे आमिष दाखवले गेले तिच्या मानाने ही रक्कम लहान असेल, पण ती खरी असेल.

प्रश्न : केवळ तपासण्या करायच्या असताना, ‘चोवीस तास भरती दाखवू, सगळे विम्यातून निघेल’ असे रुग्णालयातील एकाने सुचवले. यात गैर काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दाव्याच्या कागदावर सही आपली असते, त्यामुळे खोट्या भरतीचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. आरोग्य विमा सलग 60 महिने चालू राहिल्यावर माहिती दडवल्याचे कारण पुढे करून कंपनी दावा नाकारू शकत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र याला अपवाद आहे. म्हणजे काही हजारांच्या तपासण्यांसाठी वर्षानुवर्षे जपलेले संरक्षण गमावण्याची वेळ येऊ शकते. नकार द्यावा आणि आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासण्यांचा खर्च समाविष्ट आहे का, ते पाहावे. काही पॉलिसींमध्ये तो असतो. तसेच आपण न केलेला दावा आपल्या नावावर दिसल्यास विमा कंपनीच्या फसवणूक तपास विभागाला तो ईमेलने कळवावा, म्हणजे तारखेसह लेखी नोंद राहते.