वर्धापनदिनाआधी रजिस्टर उघड

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम. चर्चच्या वर्धापनदिनाची तयारी कशी करू, हा तुझा मेसेज रात्रीच बघितला पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. वर्धापनदिनाच्या कमिटीत तुला घेतलं आणि त्याच रविवारी होटगी रोडकडच्या आपल्या बारा-तेरा कुटुंबांची नवी मंडळी, म्हणजे त्यांचं वेगळं चर्चही सुरू होणार, ऐकून फार बरं वाटलं गं.

आधी कितवं वर्ष ते नक्की कर. दारावरच्या फरशीवर जे साल कोरलंय ते इमारतीचं आहे, मंडळीचं नाही. मंडळी आधी कुणाच्यातरी ओसरीवर जमते, मग एक दिवस सभासदांची नावं लिहून करार होतो, पहिलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी होतो, आणि भिंती उभ्या राहायला कधीकधी वीस वर्षं जातात. मी तर नावं लिहिली तोच दिवस धरेन. कमिटीत कुणी म्हणेल सीएनआयपासून, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियापासून मोजा, पण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक झाल्या ती त्या एकीची तारीख आहे, आपल्याकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ ला, नगरला काम सुरू झालं १८३१ ला, तिथून पुढे सोलापूर. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मिळाले तर चाळ, मंडळ्यांच्या बातम्या त्यात यायच्या.

आणि सभासदांचं जुनं रजिस्टर स्वतः उघडून बघ. मी पाळकसाहेबांच्या टेबलावर बघितलंय, शाई पार तपकिरी झालीये, अक्षर मोडी वळणाचं, धंद्याच्या रकान्यात एकाखाली एक 'गिरणी, गिरणी, गिरणी', आणि एका बाईच्या नावापुढे सही नाही तर अंगठा, त्याच्या रेघा अजून मोजता येतात. ही नावं त्या दिवशी मोठ्यानं वाचायची, सगळी. पाच मिनिटं जातील, जाऊ देत.

वेळ सत्कारातून काप. मी तुझ्या वयाचा असताना अशाच कमिटीत होतो, आम्ही शाली-नारळ वाटत दीड वाजवला, पाळकांच्या संदेशाला, म्हणजे प्रवचनाला दहा मिनिटं उरली. जिनं तीन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली ती बायबलबाई, म्हणजे घरोघरी बायबल शिकवणारी बाई, मागं चपलांपाशी बसली होती, तिचं नाव यादीत घालायचं माझ्याकडूनच राहिलं. पुढच्या वर्षी ती गेली. मला ते अजून टोचतं, म्हणून म्हाताऱ्यांची यादी तू आधी कर, आणि प्रीतिभोजनाला पहिली पंगत त्यांचीच, भाकरी कडक असेल तर आमटीत कुस्करून द्यायला तरुण संघाची पोरं उभी कर.

आता नवी मंडळी. रुसून बाहेर पडलेल्यांची मंडळी आणि प्रार्थना करून पाठवलेल्यांची मंडळी, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो बघ. खजिनदार म्हणतील अर्पण कमी होईल, होईलही, पण लेक सासरी पाठवताना कुणी हिशोब काढत बसत नाही. त्यांचे सभासदत्वाचे दाखले उपासनेत एकेक नाव घेऊन वाचा, त्यांना उभं करा, हात ठेवून प्रार्थना करा. भेट म्हणून फुलदाणी-घड्याळ नको, प्रभुभोजनाचा प्याला आणि ताट द्या, एक कोरं रजिस्टर द्या, आणि पहिले सहा महिने आपला पेटीवाला तिकडं पाठवा, कारण रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्याशिवाय नुसती वाचल्यासारखी होतात. त्यात दोन-तीन घरं तेलुगू बोलणारी आहेत ना, एक शास्त्रपाठ तेलुगूत ठेवा, त्यांच्या आज्ज्यांना समजू दे.

त्या कोऱ्या रजिस्टरात पहिल्याच दिवशी नावं लिहून घे, लहान पोरांचीसुद्धा, हॉल भाड्याचा असला तरी.

जुनं रजिस्टर आणायला जाशील तेव्हा सुती कापड ने, पानं शिवणीतून सुटलीयेत. लॅमिनेशन अजिबात करू नकोस, नुसते फोटो काढ. मोडी अडलं तर शनिवारी संध्याकाळी घरी ये, भिंग काढून ठेवतो.

तुझा,
संडे स्कूलचा सर
सोलापूर