अमेरिकन आर्मीत जायचंय, पण भेदभाव झाला तर कायदा पाठीशी असतो का?

तुझे प्रश्न आधी वर लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू नाशिक रोडचा, वय वीस, बाबांच्या मार्फत ग्रीन कार्ड होतंय, एनसीसी केलेली आहेस, आणि तिकडे उतरल्यावर यूएस आर्मीत भरती व्हायचं डोक्यात आहे. मामा म्हणतात अमेरिकेत रंगावरून, धर्मावरून, देशावरून कुणी त्रास दिला तर सरळ कोर्टात खेचता येतं, मग आर्मीत तरी घाबरायचं काय. आणि दुसरं, रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैनिक राहून बाहेर नोकरी केली तर मालक काढून टाकेल का. तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते हां. मी नाशिकच्याच उपनगर भागातली, लग्नानंतर इकडे अमेरिकेत आले, ग्रीन कार्डवर असतानाच आर्मी रिझर्व्हमध्ये गेले, अजून आहे, आणि एरवी सिव्हिलियन नोकरी करते, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. वकील मात्र नाही.

मामा सांगतात तो कायदा आहे आणि खरंच कडक आहे. १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट, त्यातलं टायटल सेव्हन. पंधरा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यावरून कामावर भेदभाव करता येत नाही. १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन सरकारी खातीही त्यात आली, आणि त्या कलमात 'मिलिटरी डिपार्टमेंट्स' असा उल्लेखही आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की सैनिकही आले. नाही आले. कोर्टांनी त्याचा अर्थ असा लावला की त्या खात्यांमध्ये काम करणारे सिव्हिलियन लोक, वर्दीतले नाहीत. १९७८ मध्ये एका अपील कोर्टाने तर भरतीसाठी अर्ज केलेल्या माणसालाही हा कायदा लागू नाही असं सांगितलं, म्हणजे तू भरतीच्या दारात उभा असशील तेव्हासुद्धा नाही. वयाचा कायदा आणि अपंगत्वाचा कायदा, त्यांचंही तेच. म्हणून तर आर्मी उघडपणे वयाची मर्यादा लावते आणि तेराव्या वर्षानंतर दमा झाला होता एवढ्यावरून मेडिकलला अडवते, मग वेव्हर, म्हणजे खास सूट, मागावा लागतो. बाहेरच्या कंपनीने असं केलं तर तिच्यावर केस होईल.

हे नीट डोळ्यासमोर यावं म्हणून सांगते. बेसवर एकच ऑफिस आहे, एका टेबलावर सिव्हिलियन क्लार्क, शेजारी वर्दीतला सार्जंट, दोघंही आपल्यासारखे बाहेरून आलेले, आणि साहेब दोघांनाही त्यांच्या देशावरून तेच घाण बोलला, दोघांचंही प्रमोशन अडवलं. क्लार्क ४५ दिवसांच्या आत ईईओ काउन्सेलरकडे, म्हणजे खात्यातल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या माणसाकडे जाऊ शकतो, तिथून प्रकरण ईईओसीकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या सरकारी आयोगाकडे, आणि नाहीच जमलं तर फेडरल कोर्टात, नुकसानभरपाई मागू शकतो. सार्जंटला त्या रस्त्यावर प्रवेशच नाही. साहेब तोच, शब्दही तेच. मला स्वतःला हे अजून पटलेलं नाही, लढाईतले हुकूम कोर्टात जाऊ नयेत हे समजतं, पण ऑफिसमधल्या प्रमोशनला तोच नियम का हे कळत नाही. पण आहे ते असं आहे, आणि सही करायच्या आधी तुला माहीत असायला हवं.

याची मुळं जुनी आहेत. १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरेस नावाच्या केसमध्ये ठरवलं की नोकरीच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर भरपाईचा दावा करता येणार नाही. त्यात एकत्र ऐकलेल्या केसेसपैकी एका सैनिकाच्या पोटात ऑपरेशननंतर आर्मीचा शिक्का असलेला टॉवेल राहिला होता, तरी नाही म्हणजे नाही. मग १९८३ मध्ये चॅपेल विरुद्ध वॉलेस. नौदलाच्या एका जहाजावरच्या पाच कृष्णवर्णीय खलाशांचं म्हणणं होतं की आम्हाला वंशामुळे वाईट ड्यूट्या देतात, शेरे खराब देतात आणि शिक्षा जास्त करतात. सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं की वरिष्ठांवर असा भरपाईचा दावा चालणार नाही, शिस्त आणि हुकमाची साखळी बिघडेल. त्यांचं खरं की खोटं हे तपासायची वेळच आली नाही.

पण म्हणून सैनिक अगदी वाऱ्यावर सोडलाय असंही नाही, रस्ते वेगळे आहेत. पहिला रस्ता युनिटमधला ईओ, म्हणजे इक्वल ऑपॉर्च्युनिटीची तक्रार. दुसरा इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे आयजी, सैन्यातलाच चौकशी करणारा अधिकारी. तिसरा, तुझ्या स्वतःच्या कमांडिंग ऑफिसरनेच अन्याय केला असेल तर मिलिटरी कायद्याचं आर्टिकल १३८, आधी त्याच्याकडेच लेखी दाद मागायची, त्याने नाकारलं की वरच्या जनरलकडे जातं. मग काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला पत्र, याला इथे खरोखर वजन आहे, आणि १९८८ च्या व्हिसलब्लोअर कायद्यामुळे काँग्रेसमनला किंवा आयजीला लिहिलं म्हणून तुझ्यावर सूड उगवता येत नाही. रेकॉर्डमध्ये चुकीचा शेरा बसला असेल तर करेक्शन बोर्ड आहे, त्यात सिव्हिलियन बसतात, चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, आणि त्या बोर्डाचा निर्णय अगदीच मनमानी असला तर तो मात्र कोर्टात तपासून घेता येतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी चौकशी करणारे लोक त्याच व्यवस्थेतले असतात आणि खिशात पैसे येत नाहीत, फार तर अन्याय दुरुस्त होतो.

मी एकदा पहिला रस्ता वापरलाय. एका युनिटमध्ये सणासुदीच्या ड्यूट्या फिरून फिरून आम्हा बाहेरून आलेल्या दोघा-तिघांनाच लागायच्या. मी रोस्टरच्या कॉप्या ठेवल्या, तारखा लिहिल्या, ईओच्या सार्जंटकडे गेले, रोस्टर बदललं. कुणाला शिक्षा झाली नाही, माफी कुणी मागितली नाही, पण ड्यूट्या सगळ्यांत वाटल्या गेल्या. कागद नसते तर काहीच झालं नसतं असं मला वाटतं, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेव, तारीख, वेळ, कोण हजर होतं, सगळं.

आणि कोर्ट सगळ्याच बाबतीत दार लावून बसलंय असं नाही. पैसे मागितले की नाही म्हणतं, पण नियमच राज्यघटनेविरुद्ध आहे असं म्हटलं तर ऐकतं. १९७३ मध्ये एअर फोर्समधल्या शॅरन फ्रंटिएरो या लेफ्टनंट बाईंनी नवऱ्यासाठी तेच भत्ते मागितले जे पुरुष अधिकाऱ्यांच्या बायकांना आपोआप मिळायचे, आणि त्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. धर्माच्या बाबतीत १९९३ चा एक कायदा सैन्यालाही लागू होतो, त्याच्या जोरावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये शीख मुलांनी दाढी-पगडीसह मरीनच्या ट्रेनिंगला जाण्यासाठी अपील कोर्टाकडून आदेश मिळवला. तुझ्या बाबतीत कानातली बाळी किंवा हातातला गंडा यावरून प्रश्न आला तर आधी लेखी परवानगी माग, घालून गेलास आणि मग भांडलास असं नको.

आपल्याकडेही काही वेगळं नाही बरं का. आपल्या घटनेच्या कलम ३३ मध्येच लिहिलंय की सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते. पण आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल झालं, जवान तिथे प्रमोशनसाठी, पेन्शनसाठी जातो, आणि २०२० मध्ये बबिता पुनिया केसमध्ये सुप्रीम कोर्टाने महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशन द्यायला लावलं. या एका बाबतीत मला आपली व्यवस्था बरी वाटते, निदान स्वतंत्र ट्रायब्युनल तरी आहे. तू निघायच्या आधी देवळाली कॅम्पात नाहीतर आर्टिलरी सेंटरच्या आसपास कुणी रिटायर्ड सुभेदार काका ओळखीचे असतील तर तासभर बसून बोल. वर्दीतलं आयुष्य, हुकूम, साहेबाचा राग, सुट्टी नाकारणं, यात नाशिक आणि टेक्सास फार लांब नाहीत.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे चित्र एकदम उलटं आहे. वर्दीमुळे बाहेरच्या मालकाने त्रास दिला तर कायदा भक्कम तुझ्या बाजूने आहे. १९९४ चा युसेरा, म्हणजे सैन्यात जाणाऱ्यांची बाहेरची नोकरी सांभाळणारा कायदा. इथे पंधरा माणसांची अट नाही, एकच नोकर असलेला दुकानदारसुद्धा त्यात येतो. रिझर्व्हमध्ये आहेस म्हणून नोकरी नाकारणं, काढणं, प्रमोशन अडवणं, सगळं बेकायदा. ड्यूटीवर जाताना आधी सांगून जायचं, एका मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंत अशी गैरहजेरी चालते, काही प्रकारची ड्यूटी त्यात मोजतही नाहीत. परत आल्यावर तू गेलाच नसतास तर ज्या जागेवर आणि पगारावर असतास तिथे घ्यावं लागतं. पण परत येण्याच्या मुदती पाळ: ३१ दिवसांपेक्षा कमी ड्यूटी असेल तर घरी पोचून विश्रांती झाली की पुढच्याच शिफ्टला, १८० दिवसांपर्यंत असेल तर १४ दिवसांत अर्ज, त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांत. इथे चुकलास तर हक्क ढिला पडतो. २०११ मध्ये इलिनॉयमधल्या हॉस्पिटलच्या एका टेक्निशियनची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याच्या रिझर्व्ह ड्यूटीचा राग असलेल्या सुपरवायझरांनी कागद रंगवले आणि त्याला काढायची सही दुसऱ्याच वरच्या बाईंनी केली, तरी मालक सुटला नाही. आणि २०२२ मध्ये टेक्सासच्या एका पोलिसाच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की राज्य सरकारवरही असा दावा चालतो.

भरतीबद्दल थोडं. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून जाता येतं, अधिकारी व्हायला सिटिझनशिप लागते, आणि ज्या कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो ती सिटिझन होईपर्यंत बंद. हा भेदभाव नाही, नियमच आहे, त्यावर तक्रार चालत नाही. एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते, त्यातली काही वर्षं ॲक्टिव्ह आणि बाकी रिझर्व्ह. सिटिझनशिप लवकर होते हे खरं आणि अर्जाला फीही नाही, पण पाच वर्षं सन्मानाने पूर्ण व्हायच्या आत खराब शेऱ्यावर बाहेर पडलास तर ती काढूनही घेता येते. म्हणून कुणी डिवचलं तर हात उचलू नकोस, वही उघड. आणि भरती हो किंवा नको होऊस, १८ ते २५ मधल्या मुलांचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीची भरती करायची वेळ आली तर वापरायच्या सरकारी यादीत असावंच लागतं, ग्रीन कार्डवाल्यांचंही, उतरल्यावर ते तपास, नाहीतर पुढे सिटिझनशिपला अडचण येते.

रिक्रूटर तोंडाने काय काय सांगेल, जर्मनीला पोस्टिंग, कॉम्प्युटरचं काम, बोनस. कॉन्ट्रॅक्टमध्ये नसेल तर ते नाही असं समज, त्या फॉर्मवरच तसं छापलेलं असतं. नाशिकहून निघताना जन्माचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीटा आणि लहानपणापासूनचे मेडिकल कागद घेऊन ये, ऑपरेशन झालं असेल तर त्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे, इथून मागवायला महिने जातात. कॉन्ट्रॅक्ट हातात आलं की नाव-नंबर झाकून मला पाठव, सही करायच्या आधी, दोघं मिळून ओळ न् ओळ वाचू.