‘इन्ड्यूस’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : मी एका वकिलांकडे अनुवादाचं काम करते. फिर्यादीत ‘डिसऑनेस्टली इन्ड्यूस्ड’ होतं, मी ‘फूस लावली’ लिहिलं. वकीलसाहेबांनी ते खोडलं. चुकलं काय? (सातारा)

उत्तर : वकीलसाहेबांचं बरोबर आहे. ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले’ ही बातमी आपण वाचतो, तिथे इंग्रजी कायद्यात ‘एन्टाइस’ हे क्रियापद आहे. ‘इन्ड्यूस’ला कायद्याच्या मराठीत ‘प्रवृत्त करणे’ म्हणतात. म्हणून ‘अप्रामाणिकपणे प्रवृत्त केले’ असं लिहा.

यातलं ‘अप्रामाणिकपणे’ मात्र चुकूनही गाळू नका. ‘इन्ड्यूस’ स्वतः भला ना बुरा. दारावर ‘एका साडीवर एक मोफत’ लिहिणारा दुकानदारही गिऱ्हाइकाला खरेदीला प्रवृत्तच करतो. त्याला कोणी चारसोवीस म्हणत नाही. (ते कलम 420 आता कागदोपत्री 318(4) झालंय, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेत. बोलण्यात चारसोवीसच राहणार.) अपहरणाची व्याख्याही बघून ठेवा : बळजबरी असेल तर ‘कम्पेल’, म्हणजे भाग पाडणे, आणि फसवून नेलं असेल तर ‘इन्ड्यूस’. पहिल्यात माणूस ओढला जातो, दुसऱ्यात तो आपल्या पायांनी चालत जातो.

प्रश्न : ‘आय परस्वेडेड हिम, बट ही डिड नॉट अ‍ॅग्री’ हे माझं वाक्य साहेबांनी चूक ठरवलं. मी तर खरंच तासभर समजावलं होतं! (ठाणे)

उत्तर : तासभर समजावलंत, पण परस्वेड केलं नाहीत. ही चूक इंग्रजीच्या व्याकरणाची नाही, आपल्या ‘समजावणे’ची आहे. मराठीत ‘किती समजावलं, पण ऐकेल तर शपथ!’ हे बिनतक्रार चालतं, कारण ‘समजावणे’ म्हणजे फक्त खटपट. ‘परस्वेड’ आणि ‘इन्ड्यूस’ दोन्हींत समोरचा अखेर वळलेला असतो. त्यांची खरी भावंडं ‘मन वळवणे’, ‘राजी करणे’, ‘गळी उतरवणे’ ही. ‘मी त्याला राजी केलं, पण तो राजी झाला नाही’ असं म्हणून बघा, म्हणजे साहेबांना काय खटकलं ते कळेल. तुमच्या वाक्यात ‘ट्राइड टु परस्वेड’ हवं. इंग्रजी ‘अर्ज’ (urge, आपला विनंतीअर्ज नव्हे) आणि ‘एक्झॉर्ट’ यांना निकालाशी देणंघेणं नाही. एक आग्रह धरतं, दुसरं कळकळीचं आवाहन करतं, पुढे ऐकणाऱ्याची मर्जी.

मग ‘परस्वेड’ आणि ‘इन्ड्यूस’मध्ये फरक काय? परस्वेड करायला बोलणारा लागतो, पटवणं लागतं. इन्ड्यूस पैसा करतो, भीती करते, वाढलेलं घरभाडंही करतं. म्हणून मराठीत एक ठरावीक शब्द पुरत नाही. चांगल्या कामाला ‘उद्युक्त केलं’, नको त्या कामाला ‘भरीस घातलं’. रंग मराठीला आधीच निवडावा लागतो, इंग्रजी तो संदर्भावर सोडते. ‘नथिंग वुड इन्ड्यूस मी टु गो’ला तर क्रियापदच नको : ‘काही झालं तरी मी जायची नाही.’

प्रश्न : ‘इन्ड्यूस हिम फॉर साइनिंग’ चालेल? (नांदेड)

उत्तर : नाही. ‘इन्ड्यूस हिम टु साइन’.

प्रश्न : सुनेच्या फाइलवर ‘इन्ड्यूस्ड लेबर’ लिहिलंय. तिला कोणी प्रवृत्त केलं? आणि इंडक्शनच्या शेगडीशी याचं नातं आहे का? (इचलकरंजी)

उत्तर : नातं आहे, आणि सख्खं आहे. मूळ लॅटिन ‘डूकेरे’ म्हणजे नेणे. ‘इन’ लागून अर्थ झाला आत नेणे, एखाद्या गोष्टीकडे नेणे. सूनबाईंच्या बाबतीत कळा आपणहून सुरू होण्याची वाट न बघता औषधाने आणल्या, एवढंच. ‘कळा आणल्या’ हे आपलं बोलणं त्या इंग्रजीपेक्षा सरस आहे.

शेगडीचं तत्त्व फॅरडेने 1831मध्ये दाखवलं : बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज निर्माण करतं. शेगडी स्वतः तापत नाही, पातेल्याच्या बुडात वीज खेळवते आणि बूड तापतं. शाळेच्या पुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. ‘प्रवर्तन’ आणि ‘प्रवृत्त’ हे शब्द एकाच संस्कृत क्रियाधातूचे. म्हणजे आमच्या साताऱ्याच्या ताईंचा आरोपी आणि तुमचं पातेलं मराठीतही एकाच घरातले निघाले.