पलीकडून फोन उचलला, तरी आवाज उशिरा का येतो?

प्रश्न : आमचे जिनिंग पांढरकवड्याजवळ असून कार्यालय नागपुरात आहे. दोन्हीकडची आयपी एक्स्चेंज (संगणकी जाळ्यावर चालणारी टेलिफोन एक्स्चेंज) इंटरनेटवरून व्हीपीएनने, म्हणजे खासगी सुरक्षित वाटेने, जोडलेली आहेत. जिनिंगवरून नागपूरला फोन लावला की घंटी लगेच वाजते. पण पलीकडे उचलल्यावर दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि नंतर बोलणे अगदी स्वच्छ होते. हंगामात आमचे मुनीमजी फोन उचलताच कापसाचा भाव सांगतात, त्यातला पहिलाच आकडा गळतो. इंटरनेटचा वेग वाढवून घेतला, तरी फरक पडला नाही. काय करावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : 'नंतर बोलणे स्वच्छ होते' हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. दोष अंतराचा किंवा वेगाचा असता, तर तो संभाषणभर जाणवला असता. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या जी.711 या पद्धतीच्या एका संभाषणाला व्हीपीएनचा भार सोडून साधारण 80 केबीपीएस (सेकंदाला 80 हजार बिट) पुरतात. त्यामुळे वाढीव वेगासाठी आणखी पैसे घालू नयेत.

घंटी वाजवणे आणि आवाजाची वाट उघडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम सिप (फोन जोडण्या-तोडण्याची भाषा) संदेश करतात, तर आवाज आरटीपी पॅकेटांतून, म्हणजे आवाजाच्या छोट्या छोट्या पुडक्यांतून, स्वतंत्रपणे वाहतो. फोन उचलल्यावर अनेक एक्स्चेंज स्वतः मधून बाजूला होतात आणि दोन्ही फोनना थेट एकमेकांशी जोडण्यासाठी नवा संदेश पाठवतात. यालाच डायरेक्ट मीडिया म्हणतात. हा संदेश वाटेत हरवला, किंवा फोनला पलीकडच्या फोनच्या पत्त्यापर्यंत पोहोचताच आले नाही, तर तेवढा वेळ शांतता पसरते.

ती शांतता नेमकी किती सेकंदांची आहे, हे आधी मोजावे. नागपुरात फोन उचलणाऱ्याने घड्याळाकडे पाहत दर सेकंदाला एक याप्रमाणे मोठ्याने आकडे म्हणावेत आणि जिनिंगवर पहिला कोणता आकडा ऐकू आला, तो लिहून ठेवावा. असे दहा वेळा करावे. यूडीपीवरील (पोहोच न घेता पॅकेट पाठवण्याची पद्धत) सिप संदेशाला उत्तर आले नाही, तर तो सामान्यतः अर्ध्या सेकंदाने, मग आणखी एका आणि त्यानंतर आणखी दोन सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो. म्हणून आपला विलंब दीड किंवा साडेतीन सेकंदांच्या आसपास वारंवार येत असेल, तर संदेश हरवत असल्याचा संशय बळावतो. व्हीपीएनमध्ये हे विशेष घडते, कारण कोडेकची (जी.711सारख्या आवाज-रूपांतराच्या पद्धतींची) लांबलचक यादी असलेला संदेश एका पॅकेटमध्ये मावत नाही, त्याचे तुकडे होतात आणि एखादा तुकडा अडला की सगळाच संदेश वाया जातो.

आता दुरुस्ती. दोन्ही एक्स्चेंजवर या जोडणीपुरते डायरेक्ट मीडिया बंद करावे, म्हणजे आवाज एक्स्चेंजमधूनच जाईल. माझ्या मते बहुधा एवढ्यावरच काम भागेल. न भागल्यास दोन्हीकडे एकच कोडेक ठेवून संदेश लहान करावा आणि व्हीपीएनचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) थोडा कमी करून पाहावा. राउटरच व्हीपीएन सांभाळत असेल, तर त्यातील सिप एएलजी (सिप संदेशांत परस्पर बदल करणारी सोय) बंद करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर आकडे पुन्हा मोजावेत, नाही तर दोष कशाने गेला ते कळणार नाही. तरीही विलंब उरला, तर तंत्रज्ञाला वायरशार्कने (जाळ्यातील पॅकेटांची नोंद करणारा प्रोग्राम) नोंद घ्यायला सांगावे. फोन उचलल्याचा '200 ओके' संदेश आणि पहिले आवाजाचे पॅकेट यांच्यामध्ये काय अडते, ते तिथे डोळ्यांना दिसते.

दुरुस्ती होईपर्यंत मुनीमजींनी फोन उचलल्यावर आधी केवळ आपले नाव सांगावे, पलीकडून उत्तर ऐकू आल्यावरच भाव बोलावा आणि तो आकडा जिनिंगवरून परत म्हणवून घ्यावा.