पायताणाला जागा हवी, तशी हवाही हवी

पावसाळा तोंडावर आला की प्रश्नांचा रोख स्वयंपाकघरातून दारापाशी येतो. यंदाही तसंच झालं. शू रॅक, बसायचा बाक, पॉलिशची पेटी, छत्र्यांचा स्टँड, आणि शक्यतो हे सगळं एकाच वस्तूत! त्यातले काही प्रश्न निवडून घेतले आहेत.

प्रश्न : आमचा सातारला सदर बझारमध्ये फ्लॅट आहे. दारातून आत आलं की साडेतीन फूट रुंदीचा पॅसेज, एका बाजूला सात फूट भिंत मोकळी. माणसं चार, जोड पंधराच्या आसपास. मिस्त्री म्हणतात, चौदा इंच खोलीचं छतापर्यंत कपाट करू, सगळं आत जाईल. मला बसून बूट घालायला जागाही हवी आहे. काय करावं?

मिस्त्रींचं गणित जोडांचं आहे, माणसांचं नाही. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. त्यातून १४ गेले की उरले २८. एक जण वाकून बूट काढत असेल तर दुसऱ्याला भाजीची पिशवी घेऊन जाता येणार नाही. त्यात कपाटाची दारं बाहेर उघडणार, म्हणजे तेवढा वेळ रस्ताच बंद.

भिंतीचे दोन भाग करा. दाराला लागून ४० इंच लांब, १३ इंच खोल आणि १७ इंच उंच बाक. खाली ४ इंचांचे पाय ठेवा, म्हणजे झाडू आणि पोछा सहज फिरतो. पाय आणि वरची फळी वजा जाता जी जागा राहते तिच्यात दोन कप्पे होतात, प्रत्येकी साधारण साडेपाच इंचांचे. मधोमध एक उभी फळी घालाच. एक तर १८ मिलिमीटरचा प्लाय एवढ्या लांबीवर माणसाच्या वजनाने हळूहळू झोळ धरतो, आणि दुसरं म्हणजे त्यामुळे चार खण मिळतात. पुरुषांच्या बुटांचा जोड शेजारी शेजारी ठेवला तर नऊ इंच घेतो. म्हणजे खणात दोन, एकूण आठ जोड. हे रोजचे. बाकाला पुढून दार करू नका. रोजच्या चपलेसाठी कोणी दार उघडत नाही. चपला दारासमोर पडतात आणि दार कायमचं बंद राहतं.

उरलेल्या भिंतीला पुढे झुकणाऱ्या झडपांचं सात-आठ इंच खोलीचं कपाट करा. त्यात बूट तिरके उभे राहतात, म्हणून एवढ्या खोलीत भागतं. करायला टाकण्याआधी घरातला सगळ्यात मोठा बूट मिस्त्रींच्या हातात द्या. नऊ-दहा नंबरचा बूट झडपेत अडकतो, आणि हे सगळं बसवून झाल्यावर कळतं. घोट्याच्या वर जाणारे बूट त्यात जाणारच नाहीत, त्यांना बाकाखालचा एक खण मधली आडवी फळी न घालता पूर्ण उंचीचा सोडा. दोन जोड कमी बसतील, चालेल.

बाकाची वरची फळी उचलून आत सामान ठेवायची, हा प्रकार सध्या फार मागतात. मी टाळतो. त्या फळीवर संध्याकाळी सातला हेल्मेट, दप्तर, डबा आणि कुरिअरचं पाकीट असतं. ते सगळं उचलून झाकण उघडणारा माणूस मी अजून पाहिला नाही. छत्र्यांसाठी मात्र बाक आणि कपाट यांच्या मधे सहा इंचांची फट सोडा आणि तळाला काठ असलेला स्टीलचा ट्रे सरकवा. पाणी ट्रेमध्ये, ट्रे बेसिनमध्ये, संपला विषय. हेल्मेटला भिंतीवर खुंट्या.

प्रश्न : पाटण तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी सनमायका लावलेलं, घट्ट दारांचं चपलांचं कपाट करून घेतलं. आषाढात चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी, आणि दार उघडलं की वास. सिलिका जेलच्या पुड्या टाकून पाहिल्या, फरक नाही. कपाट मोडायचं का?

मोडू नका, भोकं पाडा.

तुमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस. बाहेरची हवाच ओली, घरातली ओली, आणि ओला बूट आपण त्या बंद पेटीत ठेवतो. बुरशीला आणखी काही लागत नाही. सिलिका जेलच्या पुडीचं काम डबाबंद जागेत चालतं. कपाटाची दारं कितीही घट्ट म्हटली तरी दिवसातून वीस वेळा उघडतात. पुडी पहिल्याच दिवशी पोट भरून बसते. तेव्हा आधी ठरवा की जागा हवेशीर ठेवायची की हवाबंद. अर्धवट दोन्ही केलं की दोन्हींचा उपयोग जातो.

रोजच्या पायताणाला हवेशीर. दाराच्या तळाशी आणि कपाटाच्या वरच्या कडेला भोकांची एकेक ओळ पाडा, आतून स्टीलची मच्छरजाळी मारा. आतल्या सपाट फळ्या काढून दीड इंची पट्ट्या बोटभर फट ठेवून ठोका, म्हणजे हवा खालून वर चढते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर इंचभर पुढे ओढा. पावसाळ्यात ती भिंत ओल सोडते आणि पाठीमागचा प्लाय आधी काळा पडतो. एवढ्यावर पाटणला भागणार नाही, कारण आत येणारी हवाही दमटच. म्हणून वरच्या भोकांपाशी कॉम्प्युटरमध्ये असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा, ॲडॉप्टरवर, हवा बाहेर फेकेल असा बसवा. दमट हवाही हलती राहिली तर बुरशी सहज धरत नाही. पूर्वी कपाटात साठचा पिवळा बल्ब लावून ठेवायचे. तिथेच पॉलिशच्या डब्या आणि फडकी असतात, त्यामुळे मी तो सल्ला कोणालाही देत नाही.

आणि ओला बूट थेट कपाटात जायचाच नाही. कपाटाच्या बाजूला किंवा बाकाखाली लोखंडी गजांचा एक उघडा कप्पा फक्त ओल्यांसाठी ठेवा, खाली ट्रे. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, रात्रभर तिथेच. चुलीजवळ, गिझरवर किंवा कडक उन्हात नको. ओलं चामडं तापलं की आक्रसतं, ताठ होतं आणि मुडपण्याच्या जागी तडकतं.

आलेली बुरशी घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाला रुमाल बांधून. मग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पिळलेल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मगच पॉलिश. लग्नकार्याचे बूट मात्र पूर्ण वाळल्यावर रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, तिथे सिलिका जेल कामाला येतं. फक्त डबा वर्षानुवर्षं विसरू नका. पॉलियुरेथेनचे हलके सोल नुसते ठेवूनही दमटपणाने आतून कुजतात, आणि ऐन मांडवात टाचेचा भुगा होतो.

प्रश्न : फौजेतून निवृत्त झालो, गाव कोरेगाव तालुक्यात. बूट स्वतःच पॉलिश करायची सवय सुटलेली नाही, पण आता गुडघे खाली बसू देत नाहीत. पॉलिशचं सामान राहील, काम करता येईल आणि एरवी स्टूल म्हणूनही वापरता येईल असं काही सुचवा.

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. सगळे बूट ठेवायची जागा विचारतात, बुटांवर काम करायची जागा कोणी विचारत नाही.

एक पेटी करा. १६ इंच लांब, १२ इंच रुंद, १७ इंच उंच, १८ मिलिमीटर प्लायची, दोन्ही बाजूंना उचलायला खाच. गंमत झाकणात आहे. झाकणाला बिजागरी लावायची नाही. एका बाजूला इंचभर फोम आणि रेक्झिन, दुसऱ्या बाजूला मॅट सनमायका. फोमची बाजू वर असली की स्टूल. उलटं घातलं की कामाचं टेबल. झाकण सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना, पेटीच्या तोंडात नेमक्या बसतील अशा, सव्वा इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या हव्यात. स्टुलाच्या बाजूला या पट्ट्या गादीच्या कडेने पेटीच्या जाडीएवढी जागा सोडून येतात. त्यांच्या कोपऱ्यांना गोलाई द्या, नाहीतर मांडीला रुततील.

सनमायकाच्या बाजूला मधोमध एक चौकोनी भोक, पण आरपार नाही, तिथे झाकणाखाली जाड ठोकळा वाढवून घ्या. त्यात बसणारा खुंटा करा, बाभळीचा किंवा सागाचा. खुंटा उभा नाही, तुमच्याकडे तीसेक अंश झुकलेला. वरचं टोक पावलाच्या पुढच्या भागासारखं गोलसर, तीन इंच रुंद. बूट त्यावर चढवला की तो हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे. फडक्याची दोन्ही टोकं धरून चवड्यावरून सरासर ओढायचं काम या खुंट्याशिवाय जमत नाही. एस. टी. स्टँडवरच्या पॉलिशवाल्याच्या पेटीवर पावलाच्या आकाराची फळी असते, तीच ही कल्पना, फक्त पाय काढून घेतला.

आत वरचा ट्रे तोंडापासून अडीच इंच खाली, म्हणजे उलटी गादी सामानाला टेकत नाही. ट्रेचे दोन भाग, काळ्याचा आणि तपकिरीचा, मधे पूर्ण उंचीची भिंत. लावायचा ब्रश आणि चमकवायचा ब्रश दोन्ही रंगांचे वेगळे. काळा ब्रश एकदा तपकिरी बुटाला लागला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. खालच्या पोकळीत खुंटा, फडकी, नाड्या, जुनं वर्तमानपत्र. पॉलिशमध्ये मेणाबरोबर उडून जाणारं द्रावण असतं. डबीचं झाकण सैल राहिलं की ते उडतं आणि मेणाला भेगा पडतात. तेच द्रावण पेटही घेतं, म्हणून पेटी देवघराच्या आणि गॅसच्या आसपास नको.

जाता जाता, तुमच्या डबीवर किवी पक्षी असेल तर तो ब्रँड १९०६ साली मेलबर्नला निघाला. मालकाची बायको न्यूझीलंडची, म्हणून किवी. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांबरोबर तो जगभर गेला.

तुम्ही बसाल ती खुर्ची हातांची घ्या. उठताना गुडघ्यांऐवजी दंडांना काम मिळतं.

प्रश्न : कराडला वन बीएचके. चपलांच्या कपाटावर घडीचं इस्त्रीचं टेबल बसवता येईल का?

बसवता येईल, बसवू नका. पांढरा सदरा आणि चपलांची माती एकाच वस्तूत कशाला? दारातल्या फर्निचरला दुसरं काम द्यायचं तर दारातलंच द्या: छत्री, हेल्मेट, रेनकोट, किल्ल्या, बसणं. इस्त्रीचं टेबल पलंगाच्या बाजूला भिंतीवर घडी होऊ दे.

प्रश्न : सांगलीत गावभागात जुनं घर. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी आत आलं. मागचं चपलांचं कपाट फुगून गेलं. आता कोणतं मटेरियल घ्यावं?

मटेरियलच्या आधी वजन बघा. तुमच्या घरात कमरेखाली भिंतीला ठोकलेलं काहीच नको. दोन माणसं जिन्याने वर नेतील असे, एकावर एक बसणारे तीन सुटे खण करा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. चाळीसचा आकडा ऐकला की खण वर गेले पाहिजेत. त्यानंतर गॅस, धान्य, कागदपत्रं यांचीच गडबड असते.

सांगाडा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी चौकोनी पाइपचा, पाइपची तोंडं बंद करून. फळ्या पीव्हीसी बोर्डाच्या चालतील. हा बोर्ड पाण्याने फुगत नाही, पण स्क्रू धरत नाही, म्हणून आरपार बोल्ट आणि वायसर. एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड तुमच्या घरात आणूच नका. मरीन प्लायवर ७१० नंबरचा आयएस छाप असतो. त्याचा चिकटा पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण पुराबरोबर येणारा गाळ चॅनेलमध्ये आणि बिजागऱ्यांत बसतो, तो निघत नाही. म्हणून ड्रॉवर नाहीत, दारं नाहीत. कापडी पडदा लावा, धुता येतो. कोल्हापुरी चपला सगळ्यात वरच्या खणात ठेवा. झाडांच्या सालीफळांत कमावलेलं त्यांचं चामडं एकदा पाण्यात मुरलं की पूर्वीचा आकार घेत नाही.

प्रश्न : विश्रामबाग, सांगली. नव्या बाकाखाली चपला ठेवायच्या म्हटल्यावर सासूबाई म्हणतात, पायताणाच्या डोक्यावर बसायचं कसं, आणि फुलांची परडी तिथे ठेवायची नाही. शिवाय कपाट कुठल्या दिशेला असावं यावरून घरात वाद आहे.

परडीचं त्यांचं बरोबर आहे. वरची फळी फट नसलेली, सलग करा आणि परडीसाठी भिंतीवर वेगळं छोटं शेल्फ द्या, डोळ्यांच्या उंचीला. बसण्याबद्दल त्यांना एकदा बाकावर बसवून बूट घालायला लावा. मात्र उंची १८ इंच घ्या आणि भिंतीकडच्या टोकाला धरायला दांडी लावा. त्यानंतर तो बाक त्यांचाच होतो, असा माझा अनुभव आहे.

दिशेचं मी सांगत नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो. दार त्या बाजूला असेल तर कपाट दारापासून दोन फूट आत घ्या, एवढंच.

प्रश्न : जत तालुक्यात वस्तीवर राहतो. पाऊस नावाला, धूळ मात्र बारा महिने. बुटात दोनदा विंचू निघाला. उघडा रॅक बरा की बंद?

तुमच्याकडे बंद. पाटणच्या वाचकांना वर सांगितलं त्याच्या नेमकं उलट. दाराच्या चारही कडांना ब्रशची किंवा रबराची पट्टी, हवेसाठी वर मुठीएवढी जागा, तिला बारीक स्टीलची जाळी. पाय गुळगुळीत स्टीलचे, सहा इंच उंच, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं. खडबडीत लाकूड आणि भिंत यांवरूनच विंचू चढतो. आतून पांढरा सनमायका लावा, काळं काही असेल तर लगेच दिसतं. कपाटाशेजारी सरपण किंवा विटांचा ढीग असेल तर तो आधी हलवा. आणि कपाट कितीही चांगलं झालं तरी बूट घालण्याआधी उलटा करून जमिनीवर दोनदा आपटायचा. लहान मुलांचे बूट मोठ्यांनी आपटून द्यायचे.